एकसारखी फरशी

थोरल्या नातवाचं बारसं झालं, त्या साली आम्ही घरातली जुनी शहाबादी काढून टाइल्स घालायचं ठरवलं. दुकानात सासूबाईही आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. काचबिंदूने त्यांची नजर गेली होती, तरी घरात त्या एकट्याच वावरायच्या, सकाळचा चहासुद्धा टाकायच्या. कुठली फरशी खडबडीत, कुठली हलते, हे त्यांच्या पायांना पाठ होतं.

दुकानदाराने दोन नमुने जमिनीवर मांडले. आत्याबाईंनी चपला काढून दोन्हींवर पाय ठेवून पाहिला.

“ही खरखरीत कसली?”

“सिरॅमिक, आजी. पण ती गुळगुळीत पोर्सलीन घ्या. पाणी शोषत नाही, जन्मभर टिकते.”

“स्वयंपाकघरात तरी खरखरीत घाल गं,” त्या मला म्हणाल्या. “पायाला फरक लागला की मला कळतं, कुठं आले ते.”

“आत्याबाई, सगळं घर एकसारखं दिसलं पाहिजे. ठिगळ लावल्यासारखं नको.”

“बरं बाई. दिसतं तुम्हालाच,” त्या हसल्या. दुकानदारही हसला. मी घरभर पोर्सलीन घेतली.

फरशी बसली आणि आत्याबाई बैठकीच्या मधोमध उभ्या राहून हाका मारायला लागल्या, “अगं, मी कुठंय?” आधी मी हात धरून न्यायचे. मग कामाच्या घाईत एकदा म्हटलं, “बसा ना एका जागी.” त्या बसल्या. पुन्हा स्वयंपाकघरात आल्या नाहीत.

दारात काथ्याचं पायपुसणं टाकलं असतं, तरी त्यांना वाट कळली असती. हे मला फार उशिरा सुचलं. आत्याबाई त्याच साली, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.