डेबीचा कोंबडा

"फोनवर पुन्हा कोंबडा ऐकू आला तर घरी बसवीन!" साहेबाने सुयापाला दम भरला. होंडुरासमध्ये ती घरीच बसून, 'डेबी' या नावाने टेक्सासच्या गिऱ्हाइकांना विमा विकायची, हा भाग वेगळा.

माइकवाल्या जुन्या हेडफोनची गोल पिन लॅपटॉपला बसेना, म्हणून तिने यूएसबी अडॅप्टर आणून तो जोडला. माइक ओठांशी आला, कोंबडा गायब!

दुसऱ्याच फोनला, काल विमा घ्यायला तयार झालेला म्हातारा बिथरला. "कालची डेबी कुठाय? ती आमच्यासारखी शेतावरची पोर होती. तुम्ही कॉल सेंटरवाल्या!"

"थांबा हं आजोबा, बोलावते तिला."

सुयापाने अडॅप्टर उपटला आणि ती परसदारी धावली, "आई, कोंबडा आत आण, लवकर!"