मराठी कपाटाची एकुलती वाचक

पान तीस : नाही.

पान चोवीस : देत.

पान अठरा : सही.

पान सात : मी.

त्याआधीच्या गुरुवारी, कासवाच्या पुस्तकात : जागी. रात्रभर. फेकते. गोळ्या.

त्याच्याही आधी : दिसतो. पेरू. खिडकीतून.

शाळेच्या ग्रंथालयात आनंदीनं खोडरबर फिरवलं आणि पानावर फुंकर मारली. एका पानावर एकच शब्द, बारीक पेन्सिलीनं, शिवणीला खेटून. तारखेची चिठ्ठी शेवटच्या पानाला चिकटवलेली असते, म्हणून परत आलेलं पुस्तक ती मागून उघडायची आणि तपासत तपासत पुढे यायची. पुस्तकं नेणारी पोट्टी, निधी, अवघड मराठी शब्द उतरवून ठेवते, हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तिला रागही आला नव्हता. उलट, घरीदारी हिंदी बोलणाऱ्या मुलीला ‘गोळ्या’तला ळ इतका घाटदार जमला, याचं तिला कौतुकच वाटलं होतं.

पण पुसणं भाग होतं.

“हे मराठी कपाट कोण वाचून राहिलं, सांगा तं मले?” हेडमास्तर श्यामरावांनी दिवाळीनंतर विचारलं होतं.

“निधी वाचते, सर. पाचवीतली. आपल्या वनमालाबाईंची नात.”

“एक पोट्टी! एका पोट्टीसाठी अख्खं कपाट? कॉम्प्युटर येऊन राहिले बाई, ठेवू कुठं? डोक्यावर?”

“मार्चपर्यंत राहू द्या, सर.”

“राहू देतो. वाचणारा असला तं कपाट राहील, नाही तं गोल बाजारातला रद्दीवाला आहेच. अन् पुस्तकात लिहिणाऱ्याचं कार्ड बंद, ते तुम्हाला माहीतच आहे.”

माहीत होतं. म्हणूनच दर गुरुवारी खोडरबर.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन तीन वर्षं झाली होती. नव्या सरकारी दफ्तरांबरोबर नवी माणसं आली, त्यांची मुलं इंग्रजी शाळेत गेली, आणि या शाळेतली मराठी मुलंसुद्धा ‘हो’ऐवजी ‘हव दीदी’ म्हणत हिंदी चित्रकथा मागू लागली. मराठी कपाटाला बोट लावायला आनंदीच तेवढी उरली होती. वय त्रेचाळीस. मधल्या सुट्टीत एका हातात पोळीचा घास आणि दुसऱ्या हातात मुंगीच्या लग्नाची गोष्ट, असं तिचं जेवण चालायचं. मोठ्यांचं पुस्तक दहाव्या पानाच्या पुढे गेलं नाही. मोठ्यांच्या पुस्तकात माणसं फार खोटं बोलतात, असं ती म्हणायची.

हे वेड तिच्या आधी ग्रंथालय सांभाळणाऱ्या वनमालाबाईंनी लावलेलं. आनंदी, रेल्वेतल्या बापाची लाजरी पोर, वर्गात बसत नाही म्हणून त्यांनीच तिला नवव्या वर्षी ग्रंथालयात बसवलं, आणि निवृत्त होताना किल्ल्याही तिच्याच हातात दिल्या. म्हणाल्या, “परत आलेलं पुस्तक पान न् पान पाहत जा गं. पोरं तोंडानं सांगत नाहीत, ते पानात ठेवून जातात.”

गेल्या उन्हाळ्यात बाई नागपूरला लेकीकडे, मीराकडे, राहायला गेल्या. त्यांचा मुलगा, निधीचा बाप निरंजन, तिला शाळेत सोडायला आला तेव्हा फाटकाशी सांगून गेला. “आईला तिकडे करमतं.” बाईंचा ना निरोप, ना पत्र. आनंदीला ते लागलं होतं. पण मग जुलैत निधी आली आणि म्हणाली, “दीदी, तीसरा खाना, नीचे से, हरी किताब.” आनंदीनं हात घातला. हिरवं पुस्तक तिथंच होतं. रक्त बोलतं म्हणतात ते असं, तिला वाटलं.

आज गुरुवार. निधी आली, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि उभी राहिली.

“आता कोणतं देऊ?”

“आज कुछ नहीं चाहिए.”

आनंदीनं भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं. मार्च उजाडायला पंधरा दिवस होते.

“काहून गं? कंटाळली? हे बघ, तुझ्यावर अख्खं कपाट उभं आहे. एक तरी ने.”

पोरीनं मान हलवली. आनंदीनं हातातलं पुस्तक मागून उघडलं. शब्द होतेच. ती पुसत पुढे सरकली. एक पान. दुसरं. तिसरं.

“दीदी, उल्टा क्यों मिटाते हो?”

“अशीच रीत आहे माझी.”

“आजी तो आगे से लिखती थी.”

खोडरबर थांबलं.

“कोणती आजी?”

“मेरी आजी. एक पन्ने पे एक ही शब्द. पापा रोज बस्ता देखते हैं ना. उनको लगता है, मेरा होमवर्क है.”

“आजी तर नागपूरला...” आनंदीनं पोरीला जवळ ओढलं. “निधी, तू मला कधी सांगितलं काहून नाहीस?”

“आजी बोली थी, दीदी को बताना नहीं पड़ता. उसको पढ़ना आता है.”

आनंदीनं पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. या वेळी पहिल्या पानापासून.

आनंदी.

मी.

नागपूरला.

गेलेच.

नाही.

मागच्या.

खोलीत.

बाहेरून.

कडी.

किती.

पुस्तकं.

झाली.

तू.

काहून.

येत.

नाही.

त्यापुढची तीन पानं कोरी होती. तिनं ती आत्ताच कोरी केली होती.

वनमालाबाई तीन दिवसांपूर्वी, सोमवारी पहाटे, समता कॉलनीतल्या मुलाच्या घरी वारल्या होत्या. त्या दिवशी आनंदी त्या घरावरून दोनदा गेली होती.