तांबडी चिंधी

सगुणचे पणजोबा पहिल्या महायुद्धात दुरून नेम साधणारे शिपाई होते. त्यांच्या रायफलीची पितळी दुर्बीण पेडण्यातल्या घरी ओटीवरच्या खुंटीला अजून टांगलेली असते. त्यांची रीत सगुणला वडिलांनी सांगितली होती. शत्रूच्या खंदकाजवळ चिंधी बांधून यायचं, दोन दिवस तिच्यावरून वारा बघायचा आणि तिसऱ्या दिवशी ती निश्चल लोंबली की गोळी झाडायची.

परवा अंगणातल्या दोरीला तांबडी चिंधी दिसली. काल सगुणने ती सोडून फेकून दिली.

आज दुपारी शेवंती अंगणात कोकमाची सोलां वाळत घालत होती. चिंधी पुन्हा तिच्या डोक्याशी फडफडत होती.

"ही तू बांधलीस?" सगुणने ओटीवरून बायकोला विचारलं.

"मी कित्याक बांधू? माका वाटला, कावळ्यांसाठी तुमीच बांधलात. गाठ सैल होती, ती मी घट्ट केलंय."

सगुणने मागे बघितलं. खुंटी रिकामी होती. समोर काजूंनी भरलेला डोंगर उन्हात गप्प उभा होता.

"शेवंते, घरात ये! आत्ताच्या आत्ता!"

"एवढी पाटी होऊ दे," ती म्हणाली आणि कंबर सरळ करायला उभी राहिली.

वारा पडला.