पोटावरचं कापड

पाचवा महिना लागला तरी हवालदार शलाका निंबाळकरचं पोट सपाटच होतं. भरतीच्या वेळी फौजेनं तिच्या कातडीखाली प्लास्टिकच्या धाग्यांचं कापड बसवलं होतं. वजनाला पिसासारखं, पण त्यानं दोनदा तिच्यावरची गोळी अडवली होती. कातडी मात्र ते बसवल्यापासून बधिर झाली होती.

“हे कापड ताणत नाही,” डॉक्टर रेगे म्हणाल्या. “बाळाला वाढायला जागाच नाही. तापल्या पात्यानं पोटावरचं कापड वितळवून काढावं लागेल. ते पुन्हा बसवता येत नाही. म्हणजे सीमेवरची नोकरी संपली.”

शेजारी बसलेला तिचा नवरा उदय तिच्याकडे बघत राहिला. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही.

“काढा,” ती म्हणाली. दुसऱ्याच कुणाच्या पोटाबद्दल बोलावं, तसं.

शस्त्रक्रियेनंतर भूल उतरली, तेव्हा उदयनं पट्टीच्या कडेला अलगद हात ठेवला.

“दुखतंय,” ती एकदम म्हणाली.

त्यानं घाबरून हात उचलला.

“उदय, ठेव परत,” ती म्हणाली. “किती गार आहे तुझा हात.”