तीन मतदारांचं मंडळ

"चौथ्यांदा सांगतोय, जमीन विकायची नाही," असं म्हणून डेल्बर्टनं फाटक लावून घेतलं.

घरांच्या वसाहती बांधणाऱ्या कंपनीचा माणूस स्टॅन्टन हसला. विकत मागायला आलोच नाही, म्हणाला. शनिवारी मतदान आहे. पाणी-सांडपाण्याचं मंडळ एकदा झालं, की तेच कर बसवणार आणि लागेल ती जमीन मोबदला देऊन ताब्यात घेणार. डेल्बर्टच्या चाळीस एकरांतल्या तळ्यावर सांडपाण्याचं केंद्र यायचं होतं.

आमच्या टेक्सासात हे असंच चालतं. कंपनी कुरणं घेते, मोकळ्या रानात चाकांवरचं एक घर आणून ठेवते आणि त्यात कुणाला तरी फुकट राहायला देते. महिन्याभरात तो रीतसर मतदार. आखलेल्या हद्दीत मतदार तीनच होते: डेल्बर्ट, त्याची बायको आर्डिथ आणि त्या चाकांवरच्या घरातला लॉनी.

"दोनास एक," डेल्बर्ट फाटकावरून म्हणाला. "एवढं गणित येतं ना तुझ्या कंपनीला?"

लॉनी तिशीतला, नोकरी गेलेला. तो कंपनीच्या मिठाला जागणार हे उघडच होतं. तरी आर्डिथ त्याला मक्याचा पाव नि बीन्स पाठवायची. एकदा तिनं त्याला कर्बीचे बूट दिले. बरोबर बसले.

कर्बी त्यांचा मुलगा. अकरा वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, त्याच तळ्यात बुडाला. घरात त्यावर कुणी बोलत नसे. स्वयंपाकघरातल्या तळ्याकडच्या खिडकीवर कायम पडदा असे. डेल्बर्ट गुरांकडे कुंपणाकडेनं लांबचा वळसा घेऊन जाई. दोघं एका टेबलाशी जेवत, ताटल्या धूत, झोपत. रडणं केव्हाच संपलं होतं, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं.

इथून जावंसं वाटत नाही का, असं लॉनीनं एकदा आर्डिथला विचारलं.

"डेल्बर्टचा जीव आहे रे या जमिनीत," ती म्हणाली. "दुसरीकडे तो जगायचा नाही."

पुढच्याच आठवड्यात कुंपण दुरुस्त करताना डेल्बर्ट त्याला म्हणाला, की कर्बी जिथं गेला तिथून आर्डिथ पाऊलभरही हलायची नाही. लॉनी पायांतल्या बुटांकडे बघत राहिला.

शनिवारी बंबखान्यात टेबल मांडलं होतं. नऊच्या आत तिघांचं मत देऊन झालं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे डेल्बर्टला बराच वेळ लागला. आर्डिथ बाहेर आली ती रुमाल शोधत.

संध्याकाळी सातला निवडणुकीच्या बाईंनी चिठ्ठ्या उलगडल्या. मंडळाच्या बाजूनं दोन, विरोधात एक.

स्टॅन्टननं लॉनीच्या पाठीवर थाप मारली आणि फोन लावायला बाहेर गेला.

डेल्बर्ट खुर्चीत बसला. आर्डिथनं त्याच्या बाहीवर हात ठेवला.

"मला माफ कर," ती हळूच म्हणाली. "मला तिथं आता राहवत नाही."

डेल्बर्टनं तिच्याकडे बघितलंही नाही.

लॉनी टोपी हातात घेऊन त्यांच्यासमोर आला. त्याचे डोळे भरले होते.

"काकू, माझ्याकडून जमेल ते मी केलं," तो म्हणाला. "विरोधातलं ते एक मत माझं होतं."