माशाला हाक

मुलगा गेल्यावर मागच्या गल्लीतल्या बाईंनी त्याची समुद्री माशांची टाकी विकायला काढली, ती मी घरी आणली. पुस्तकं वाचून शेवाळ खरवडलं, खारं पाणी बदललं, तशी मिटलेली प्रवाळं हळूहळू उघडली. पण उरलेला एकुलता एक मासा काही कपारीतून बाहेर येईना, खाईना. माझ्याच हाताला गुण नाही, असं वाटू लागलं. शेवटी धीर करून बाईंना फोन लावला.

"अहो, जावई आहे तो, बोलावल्याशिवाय जेवायला येत नाही," त्या म्हणाल्या. "मुलगा कामावरून आला की दारातूनच विचारायचा, 'आई, जेवलीस का?' आणि मग याला खायला घालायचा. तुम्ही तसंच म्हणून बघा."

घरात कुणी नव्हतं, तरी मी इकडेतिकडे पाहिलं. फोन स्पीकरवर टाकून टाकीशेजारी ठेवला आणि चाचरत म्हणालो, "आई, जेवलीस का?"

कपारीतून केशरी डोकं बाहेर आलं. आनंदाने ते बाईंना सांगणार, तोच फोनमधून आवाज आला.



"हो रे, जेवले. तू हातपाय धुऊन घे."