पाच खाचा

"मागं कोण बसणार?" मागच्या चाकाच्या शॉकअपच्या दोन जोड्या पुढ्यात ठेवत दस्तगीर मिस्त्रीनं विचारलं.

"बायको," आवटीसर म्हणाले. "मणक्यात गाठ आहे. दर आठवड्याला मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं. रिक्षात मळमळतं, म्हणून या जुन्या येझदीवरच बसते. पण खड्डा आला की ओठ चावते."

दस्तगीरनं महागडी जोडी बाजूला सारली. "ही साधीच घ्या, सर. हिला पाच खाचा आहेत. पाचवी सगळ्यात कडक, दोन भारी माणसांना. पहिली सगळ्यात मऊ, एकट्याला. वहिनींचं वजन किती?"

"अठ्ठावन्न."

त्यानं चौथी खाच लावली. खड्डा कळलाच नाही, असं शालनबाई मिरजेहून घरी पोचल्यावर म्हणाल्या आणि सरांना हायसं वाटलं.

दिवाळीत पुन्हा धक्के बसू लागले. नवे शॉकअप दोन महिन्यांत बिघडले म्हणून सर भांडायलाच आले. दस्तगीरनं बाकावर टेकलेल्या वहिनींकडे पाहिलं आणि तिसरी खाच लावली. संक्रांतीला दुसरी. वजन पुन्हा त्यानं विचारलं नाही, सरांनी सांगितलं नाही.

होळी झाल्यावर ते परत आले. पाना फिरवून झाला तरी दस्तगीर चाकापाशीच बसून राहिला.

"झालं का?" सरांनी विचारलं.

"झालं, सर. पहिलीवर आणलीय."

सरांनी गाडीवर टांग टाकली. शालनबाई त्यांच्या खांद्याचा आधार घेत मागं चढल्या. "बसले," त्या म्हणाल्या.

गाडी तसूभरही दबली नव्हती.